आठ प्लायचे मुंजाभाऊ

मुंजाभाऊ बसून जेवलेले मी कधी पाहिले नाहीत. डाव्या हातावर भाकरी, भाकरीवरच ठेचा, आणि दर घासाला गाडीभोवती एक फेरी. फेरी मारता मारता एकेका चाकाला लाथ. लाथेचा आवाज कसा आला ते मान वाकडी करून ऐकायचे, मग पुढचा घास. पहिल्या दिवशी मला वाटलं, ह्यांचं घरी भांडण झालंय आणि राग चाकांवर निघतोय. पण ते रोजचंच निघालं. "बसून जेवा की जरा," असं मी एकदा म्हणाले, तर म्हणतात कसे, "हुबं ऱ्हायलं तरी पोटातच जातंय की, सिस्टर," आणि गेले चौथ्या चाकाकडं.

ते आमच्या तालुक्यात पाणीपुरवठ्याच्या पिकअपवर ड्रायव्हर होते आणि मी आरोग्य उपकेंद्रात नर्स. एरवी आमच्या दोन खात्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण उन्हाळ्यात टंचाईच्या गावांना पाणी जायचं, त्या पाण्यात जंतुनाशक पावडर टाकायचं काम माझ्याकडं, आणि त्या गावांना एस.टी. नव्हती. म्हणून मार्च ते जून मी मुंजाभाऊंच्या शेजारच्या सीटवर. पिकअप म्हणजे मूळची जीपच, मागं उघडा हौदा केलेला. हौद्याच्या मागं हूक, आणि हुकाला जोडलेली दोन चाकांची पाण्याची टाकी. कागदावर तिला टँकर म्हणत, लोक टाकी म्हणत.

"दार धरून बसा, सिस्टर. ते लागत न्हाई," हे त्यांचं मला पहिलं वाक्य.

"आणि मी पडले तर?"

"पडायचंच आसलं तर जरा लांब पडा. मागून टाकी येती."

मला असा राग आला होता! पण पुढं तीन उन्हाळे मी ते दार धरून बसले, आणि खरं सांगायचं तर त्या तीन उन्हाळ्यांइतकी मजा मला नोकरीत नंतर कधी आली नाही.

माणूस उंच, काटकुळा, मिशा कातरलेल्या, खाकी शर्टाचं वरचं बटण कायम तुटलेलं. वय पंचेचाळिशीच्या आसपास असावं. अंगात पारा भरल्यासारखी वळवळ. रेल्वेचं फाटक बंद असलं की आपण गाडीत बसून राहतो. हे उतरून फाटकवाल्याकडं जाणार, "कवा?" विचारणार, परत येणार, चाकांना लाथा मारणार, पुन्हा जाऊन "कवा?" विचारणार. फाटकवाला एकदा म्हणाला, "मुंजाजी, रेल्वे तुज्यावानी नसती रं, ती टायमावर येती." एकदा वालूरच्या बाजारात अर्धी दाढी झालेली असताना न्हाव्याच्या पुढ्यातून उठले, कारण चढावर उभ्या केलेल्या गाडीच्या चाकाचा दगड सरकल्यासारखा वाटला. दगड जागेवरच होता. पण आता आलोच आहोत गाडीपाशी तर निघू या म्हणून निघाले. अर्धा गाल साबणाचा घेऊन आम्ही तीन गावं केली. "चला, हालवा," हा त्यांचा मंत्र. मला, टाकी भरणाऱ्या पंपवाल्याला, रस्त्यात बसलेल्या म्हशीला, सगळ्यांना तो एकच.

घर पोखर्णीच्या अलीकडं एका खेड्यात. कोरडवाहू जमीन, आईबाप ऊसतोडीला जायचे. "सा महिने आमचं घर चाकावरच व्हतं," असं ते एकदा बोलून गेले. बैलगाडीखाली झोपायचं, गाडी हलली की उठायचं. मग साखर कारखान्याच्या ट्रकवर हाताखाली राहून गाडी शिकले आणि कसेबसे सरकारी नोकरीला चिकटले. पोखर्णीच्या नरसिंहावर भक्ती, पण देवळात जायला सवड कुठली? रस्त्यावरूनच एक हात कपाळाला लावायचे. "नरसिंव्हा, एकच हात जोडायलोय. दुसरा स्टेरिंगवर हाय," असं मोठ्यानं सांगून टाकायचे.

मला टायरचं शिक्षण दिलं ते त्यांनीच. सहा प्लाय, आठ प्लाय हे शब्द मी जन्मात ऐकले नव्हते. त्यातून ते म्हणायचे 'पलाय'. "आपली गाडी सा पलाय हाय, आट पलाय पायजे," हे ऐकून मला वाटलं, गाडीचा वेग सांगतायत. मी विचारलं, "आठ म्हणजे ताशी आठ मैल का?" त्यावर त्यांनी गाडीच थांबवली. खाली उतरवून मागच्या चाकापाशी मला बसवलं आणि समजावून दिलं. टायरच्या आत कापडाचे थर असतात. वाकळ शिवताना जुन्या लुगड्यांचे पदर एकावर एक घालतात तसे. सहा पदरांची वाकळ एका माणसाला पुरते. आपली गाडी एकटी असती तर सहा पदरांत भागलं असतं. पण तिच्या मागं भरलेली टाकी आहे. टाकीचं ओझं हुकावर येतं, हुकाचं मागच्या चाकांवर, आणि उन्हात तापलेल्या टायरचं पोट बाहेर येतं. "बगा, बगा, पोट कसं सुटलंय," म्हणाले. खरंच सुटलं होतं. उतारावर टाकी मागून गाडीचं ढुंगण हलवायची तेही मला त्या दिवसापासून जाणवायला लागलं. त्याआधी मी सुखात होते.

तिसऱ्या उन्हाळ्यात आम्हाला एक नवीन गाव लागलं. त्याचं नाव मी लिहिणार नाही, तिथं अजून माणसं राहतात. गावात शिरताना चावडी, चावडीपुढं विहीर. गावाच्या पलीकडं नाला, आणि नाल्यापलीकडं चढावर दलित वस्ती. वीस-बावीस घरं. नामांतराच्या दंगलीला तेव्हा सात-आठ वर्षं झाली असतील. त्या दंगलीत वस्तीतली दोन घरं जळाली होती. वस्तीच्या बायका विहिरीवर यायच्या, पण विहिरीत दोर टाकायच्या नाहीत. लांब हंडे मांडून उभ्या राहायच्या, कुणी तरी वरून ओतेपर्यंत. आमच्या टाकीचं पाणी त्याच विहिरीत पडायचं. मी वर पावडर टाकायचे आणि आम्ही निघायचो. मला ते दिसत नव्हतं असं मी म्हणणार नाही. दिसत होतं. मी माझी पावडर मोजत होते.

मुंजाभाऊंनी मात्र दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला विचारलं, "टाकी तिकडंच का न्हाई न्यायची?" त्यांनी गाडी नाल्यात घातली. नाला कोरडा, पण दगडगोट्यांनी भरलेला, आणि पलीकडं मुरमाड चढ. अर्ध्या चढावर मागचं टायर फाटकन फुटलं. टाकी तिरकी झाली, तोंडातून पाणी सांडलं, आणि भर दुपारी तीन तास खटपट करून, टाकी रिकामी करून, चाक बदलून आम्ही उलटे परत आलो. चावडीवर अण्णा बसलेले होते. अण्णा म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ, आणि नात्यानं मुंजाभाऊंच्या बायकोचे सख्खे मामा. त्यांनी पाणी प्यायला दिलं आणि विचारलं, "काय झालं, जावईबापू?"

मुंजाभाऊ वैतागले होते, हाताची सालटी निघाली होती. तोंडातून निघून गेलं, "काई न्हाई. गाडी तिकडं जात न्हाई."

झालं. दुसऱ्या दिवसापासून गावात तेच. वस्तीतली एक म्हातारी, तुळसाबाई, तिनं ग्रामसेवकाला विचारलं तर तो म्हणाला, गाडी तिकडं जात न्हाई. ती तालुक्याला जाऊन आमच्या साहेबांना भेटली. साहेब म्हणजे पाणीपुरवठ्याचे उपअभियंता. तेही म्हणाले, गाडी तिकडं जात नाही, ड्रायव्हरचंच सांगणं आहे. इतकी वर्षं जे कुणाला तोंडानं बोलता येत नव्हतं, त्याला आता सरकारी कारण मिळालं होतं, आणि ते कारण मुंजाभाऊंच्या तोंडचं होतं.

तुळसाबाई एक दिवस विहिरीपाशी त्यांना म्हणाली, "दादा, तुमीच म्हणलाव म्हणत्यात." रागानं नाही म्हणाली, नुसती खात्री करून घ्यायला म्हणाली. परतताना मुंजाभाऊ मध्येच गाडी थांबवून उतरले, चारी चाकांना लाथा मारल्या, टाकीच्या दोन्ही चाकांना मारल्या, परत बसले, आणि म्हणाले, "सिस्टर, तुमचं अक्षर चांगलं हाय. अर्ज ल्याहा."

अर्ज मीच लिहिला. माझ्या मते झकास लिहिला. पिकअपची चार आणि टँकरची दोन चाकं, भार जास्त, रस्ता खडकाळ, सबब 'टायर आठ प्लाय मिळावेत'. किती टायर ते लिहायचं माझ्या ध्यानातच आलं नाही. सहा चाकं आहेत हे वर लिहिलंच होतं ना! पण भांडारातल्या कारकुनाला प्लाय म्हणजे काय ते माझ्याइतकंच ठाऊक. त्यानं अर्जातला आकडा बघितला. पंधरा दिवसांनी ट्रकमधून टायर उतरले: नेहमीचे, सहा प्लायचे, आणि मोजून आठ.

मला हसावं की रडावं कळेना. मुंजाभाऊ त्या आठ टायरांभोवती फेऱ्या मारत होते. "सा चाकाच्या गाडीला आठ टायर. सरकार लय दयाळू हाय," म्हणाले. मी म्हणाले, परत करू, नवा अर्ज करू. "नवा अर्ज करू, नवे टायर येतील, तवर पाऊस येतोय. मंग काय, नाल्यात होडी चालवू?" त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं. मला दिसत होतं, कारण त्यांची बोटं खिशावर वाजत होती.

परभणीला करीमचाचांचं टायरचं दुकान होतं. म्हातारे, जाड चष्मा, टायरवर पालथी मूठ मारून आतला दोष सांगणारे. मुंजाभाऊंनी आठ टायर त्यांच्यापुढं उतरवले आणि बदल्यात आठ प्लायचे सहा मागितले. चाचांनी टायरवरचे नंबर बघितले, चष्म्यावरून यांच्याकडं बघितलं. "मुंजा, ये सरकारी माल है. कल को तकलीफ होगी तेरेकू."

"उद्याचं उद्या. चाचा, हालवा."

मी दुकानातल्या बाकावर चहा पीत बसले होते. हे मी मुद्दाम लिहितेय. चाचांनी टायर चढवून दिले आणि एकच ताकीद दिली: जाड टायरला हवाही जास्त पाहिजे, जुन्या मापानं भराल तर आतून जळेल. परतीच्या रस्त्यात मला त्या जास्त हवेचा अर्थ कळला. रिकामी गाडी अशी उडत होती की माझी पावडरची पिशवी मांडीवरून पायात आणि पायातून मांडीवर. मणका मोकळा झाला. मुंजाभाऊ मात्र खुशीत गाडी चालवत होते. "आता ओझं चढू द्या, मंग बगा कशी गप बसती," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी टाकी गच्च भरली आणि आम्ही गावात शिरलो. चावडीपुढं न थांबता पुढं निघालो, तेव्हा अण्णा स्वतः उठून आडवे आले. मागं पाच-पंचवीस माणसं. गाडी थांबली, पण इंजिन चालूच.

"कुटं निघालाव, जावई?"

"वस्तीवर. पाणी द्यायला."

"तुमीच म्हणलता की, गाडी तिकडं जात न्हाई."

"म्हणलतो. ते चुकलं व्हतं माजं. ती टायरची गोस्ट व्हती, अण्णा. टायर बदलले."

"टायर बदलले म्हणून सगळंच बदलतं का?"

कुणी हललं नाही. मी त्या न लागणाऱ्या दाराला दोन्ही हातांनी धरलं होतं. मुंजाभाऊ काचेतून अण्णांकडं बघत होते. मग म्हणाले, "अण्णा, तुमची भाची माज्या घरात नांदायली. तुमाला मी कसा काय धक्का देऊ? तुमी सरका. मला ह्या उन्हात टायर थंड करू देऊ नका." ह्याचा अर्थ कुणालाच लागला नाही, मला तर नाहीच. थंड टायरनं काय बिघडतं? पण ते इतक्या कळवळून बोलले की अण्णा बावचळून अर्धं पाऊल बाजूला झाले, आणि तेवढ्या फटीतून गाडी निघाली.

नाल्यात गाडी शिरली तेव्हा मी डोळे मिटले. दगडांचा करकर आवाज, टाकीत पाण्याचे हिंदकळे, मग पाठ सीटला चिकटली म्हणजे चढ सुरू झाला. मुंजाभाऊ सारखे तोंडानं "हां, हां, हां" करत होते, बैलाला करावं तसं. मग पाठ सुटली. डोळे उघडले तर समोर वस्ती.

कुणीही पळत आलं नाही. बायका दारात उभ्या. तुळसाबाई तेवढी पुढं आली, टाकीभोवती फिरली, टायरला हात लावून बघितलं, आणि म्हणाली, "आज आणलंव. रोज आणणार असताल तर हंडे काढतो. न्हाई तर उगं सवय नको."

"रोज," मुंजाभाऊ म्हणाले.

अठरा दिवस त्यांनी रोज नेलं. गावाच्या विहिरीत एक खेप, वस्तीवर एक खेप. ह्या अठरा दिवसांत बायकोचं माहेर तुटलं, पोखर्णीच्या जत्रेत सासरच्या माणसांनी रामराम घातला नाही, आणि गाडीला कुणी तरी दोनदा खिळे टाकले. "आट पलाय हाय, खिळा आतवर जात न्हाई," एवढंच ते बोलले. पण जेवणाच्या फेऱ्या वाढल्या होत्या. एका घासाला दोन-दोन चकरा. आणि एकोणिसाव्या दिवशी तालुक्याला बोलावणं आलं. अण्णांनी अर्ज केला होता की ड्रायव्हरनं सरकारी टायर विकले.

चौकशी साहेबांच्या खोलीत झाली. टायरचे नंबर भांडाराच्या नंबरांशी जुळत नव्हते. एकही नाही. साहेबांनी मला बोलावलं. समोर माझ्या सुंदर अक्षरातला अर्ज. "हे तुम्ही लिहिलंय?"

"हो. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. मला टायरमधलं काही कळत नाही."

"परभणीला टायर बदलले, तेव्हा तुम्ही सोबत होता का?"

माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. कायम होण्याचा कागद त्याच महिन्यात यायचा होता. मी म्हणाले, "नाही."

मुंजाभाऊ दाराशी उभे होते. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. पण त्यांचा आवाज आला, "बाई नव्हत्या, सायेब. म्या एकलाच गेलतो." अजूनही हे आठवलं की मला माझी शरम वाटते. नुसती टोचणी नाही, शरम.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे मला घ्यायला आले. काही झालंच नाही अशा थाटात. टाकी भरली, आधी वस्तीवर गेलो. तिथं पोचल्यावर त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "सकाळी हापिसात दिला. लय अवघड मराठी हाय. वाचा बरं." हुकूम होता. संध्याकाळपासून निलंबन, आणि त्याआधी, वाहनास व टँकरला लावलेले सहाही अनधिकृत टायर तात्काळ काढून भांडारात जमा करावेत.

"सिस्टर, तात्काळ म्हंजे?"

"म्हणजे लगेच."

"लगेच म्हंजे कुटं? हापिसात गेल्यावर का?"

मी उत्तर देणार होते, आणि त्यांच्या तोंडाकडं बघून थांबले. ते टाकीकडं बघत होते. भरलेली टाकी, वस्तीच्या मधोमध. मी सावकाश म्हणाले, "तात्काळ म्हणजे असाल तिथं, त्या क्षणी."

"आसं लिवलंय?"

"तोच अर्थ होतो."

"मंग सरकारचा हुकूम मोडता येत न्हाई," म्हणाले आणि जॅक काढला.

वस्तीतल्या माणसांनी दगड आणले. एका बाजूनं टाकी उचलायची, दगड रचायचे, चाक काढायचं, मग दुसरी बाजू. मुंजाभाऊ इतक्या भरभर काम करत होते की मला भीती वाटली, टाकी अंगावर पडेल. तासाभरात टाकी दगडांवर पक्की बसली. दोन्ही टायर त्यांनी रिममधून सोडवून हौद्यात टाकले. "गाडीचे चार भांडारापुढं काडतो, न्हाई तर मीच जमा हुईन हितं," म्हणाले. मग हात पुसत माझ्याकडं आले. "एक इचारू? तुमच्या खात्याच्या हिशेबानं पाणी उगड्या हिरीत चांगलं का झाकणाच्या टाकीत?"

"टाकीत. विहिरीचं पाणी पिऊन तीन पोरांना हगवण लागलीय."

"तुमच्या कागदात तसं ल्याहा की मग."

आदल्या दिवशी मी जे केलं त्यावर एक शब्द नाही. उलट मला काम सांगितलं. मी त्याच रात्री अहवाल लिहिला: गावातील रुग्णांची संख्या पाहता टंचाईचे पाणी उघड्या विहिरीत न सोडता झाकणाच्या टाकीतूनच वाटप करावे. ह्या वेळी काहीही गाळलं नाही. आकडे घातले, जागा घातली, खाली पूर्ण सही केली. साहेब भडकले, पण साथ आली तर त्यांच्या गळ्याशी आलं असतं, म्हणून मान्य केलं. टाकी गावात परत आणायची तर टायर पाहिजेत, आणि जमा केलेले सहा चौकशीत अडकलेले, भांडारात दुसरा एकही टायर नव्हता. नवीन मागणी गेली आणि कागदांत अडकली. तोवर परभणीहून मोठा ट्रक पाणी घेऊन यायला लागला. ट्रकला नाला म्हणजे काहीच नाही. तो वस्तीवरची टाकी भरून जायचा, मी पावडर टाकायचे.

मुंजाभाऊ मला दिसले ते थंडीत. मी पाथरीला जाणाऱ्या एस.टी.त होते. रस्त्याचं काम चाललं होतं, गाड्या थांबवल्या होत्या. खिडकीतून बघते तर रस्ता दाबायच्या रोलरवर मुंजाभाऊ. निलंबन उठवून त्यांना रोलरवर टाकलं होतं. लोखंडी चाकांचा, माणसाच्या चालीनं चालणारा रोलर. ज्या कुणी ही जागा शोधून काढली त्याला माणसाची पारख होती. टायर नाहीत, म्हणजे बदलायला नकोत. आणि दिवसभर त्याच शंभर पावलांत पुढं आणि मागं. मला रडूच आलं.

मी उतरून धावले. त्यांनी मला बघितलं, हात केला, पण रोलर थांबवला नाही. मग मीच शेजारून चालायला लागले.

"मुंजाभाऊ, त्या दिवशी मी खोटं बोलले."

"म्या बी बोललो. सरका, मागं घ्यायलोय."

रोलर उलटा निघाला. मीही उलटी फिरून चालू लागले. इंजिनाच्या धडधडाटात ओरडून बोलावं लागत होतं. बायको बरी, पोरं बरी, कंबर धरते. मग पुढं बघतच त्यांनी विचारलं, "टाकी हाय का तितंच?"

"आहे. अजून टायर मंजूर नाहीत."

"पाणी?"

"पावसापर्यंत ट्रक आला. विहीर पार आटली होती. म्हणून सगळं गाव टाकीवर यायचं."

"सगळं म्हंजे?"

"सगळं. नाला उतरून, चढ चढून. तुळसाबाई टाकीच्या तोटीशी उभी राहायची आणि हंडे रांगेत लावायची. चौथ्या दिवशी अण्णांची बायको, तुमची मामीच, आली, दोन हंडे घेऊन. तुळसाबाईनं तिला म्हटलं, मागं लाव. तिनं लावले. तिच्या पुढं वस्तीतल्या सहा बायका होत्या. सहाही जणींचं भरून झालं, मग तुळसाबाईनं स्वतःच्या हातानं मामीचे हंडे भरले. मामीनं ते उचलले आणि घरी नेले. ते पाणी घरात प्यायले."

रोलर थांबला. मुंजाभाऊंनी इंजिन बंद केलं. एकदम इतकं शांत झालं की खडी फोडणाऱ्या बायकांनी वर बघितलं. ते रोलरवरून उतरले आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

"सिस्टर, परत सांगा. आवाजात नीट ऐकू आलं न्हाई."

त्यांना सगळं ऐकू आलं होतं. मागं एस.टी.चा कंडक्टर घंटी वाजवत होता, पाथरीचं माझं काम होतं. मी पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. रांगेत कोण कुठं होतं, मामीचे हंडे पितळी होते की तांब्याचे, सगळं त्यांनी विचारून घेतलं आणि मी सगळं सांगितलं. तोवर एस.टी. निघून गेली.